गूल्डचा मोझार्ट नाशिकच्या मुलांना ऐकवायचा की नाही?

मोझार्टच्या ए मेजर सोनाटाच्या, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेच्या (के. ३३१; 'के.' हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), पहिल्या भागात एक थीम, म्हणजे मूळ सुरावट, आणि तिची सहा व्हेरिएशन्स, म्हणजे बदलून मांडलेली रूपं, आहेत. पाचव्या व्हेरिएशनवर मोझार्टने 'अडाजिओ' लिहिलं आहे, म्हणजे संथ. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने ते संथ वाजवलं नाही. थीम मात्र त्याने इतकी ठाय लयीत घेतली की स्वर एकमेकांपासून सुटे पडतात. तिथून पुढे प्रत्येक व्हेरिएशनला लय थोडी थोडी चढवत नेली. त्या चढत्या क्रमात पाचवं व्हेरिएशन चौथ्यापेक्षा जलद येणं भाग होतं, म्हणून मोझार्टची सूचना त्याने जाणूनबुजून बाजूला ठेवली.

१९६५ ते १९७४ या काळात गूल्डने कोलंबिया कंपनीसाठी मोझार्टचे सगळे पियानो सोनाटा ध्वनिमुद्रित केले. पन्नास वर्षं उलटली, तरी ते ऐकणाऱ्यांत अजून दोन तट आहेत. एकाला ही मोझार्टची मोडतोड वाटते. दुसऱ्याला वाटतं की गुळगुळीत झालेला मोझार्ट इथे पहिल्यांदा नीट ऐकू आला. हा वाद न्यूयॉर्क-लंडनच्या रसिकांपुरता राहिलेला नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड इथल्या वर्गांत पियानो शिकणारी मुलं लंडनच्या परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा देतात. त्यांच्या हातात मोझार्टचा एखादा सोनाटा येतो आणि मूल त्याच संध्याकाळी फोनवर त्याची ध्वनिमुद्रणं शोधतं. त्यात गूल्ड सापडतोच. मग शिक्षकांपुढे आणि पालकांपुढे प्रश्न येतो.

त्याची दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं : गूल्ड अजिबात ऐकू नकोस, वाईट सवय लागेल, परीक्षेत गुण जातील, ही एक 'स्टँडर्ड' लिंक घे आणि तसंच वाजव. दुसरं : सगळं ऐक, व्यक्ती तितक्या प्रकृती, ज्याला जे आवडेल ते. मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात आणि दोन्हींमुळे होणारं नुकसान एकच आहे, मुलाचा कान तयार होत नाही. पहिल्या उत्तरात निवाडा शिक्षक करतो, दुसऱ्यात कोणीच करत नाही. गूल्डवरच्या मतभेदाचा बराच मोठा भाग आवडीनिवडीचा नाहीच. नोटेशन समोर ठेवून, घड्याळ हातात घेऊन तो तपासता येतो. जो भाग तसा तपासता येत नाही, तेवढाच आवडीचा. ही वाटणी करायला शिकवणं हेच शिक्षकाचं काम आहे, आणि त्यासाठी गूल्डइतकं उपयोगी ध्वनिमुद्रण दुसरं नाही.

आधी लयीचं बघू, कारण भांडण सर्वांत जास्त तिथेच होतं. मोझार्टने कुठल्याच सोनाटावर मेट्रोनोमचा (मिनिटाला किती ठोके हे ठरवून देणाऱ्या यंत्राचा) आकडा लिहिला नाही, लिहू शकत नव्हता. मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ साली, मोझार्ट गेला १७९१ मध्ये. तेव्हा 'ही लय चूक आहे' असं आकड्यावर बोट ठेवून कोणालाच सिद्ध करता येणार नाही. बेथोव्हेनच्या ३२ सोनाटांतही मेट्रोनोमचे आकडे फक्त ओपस (रचनाक्रमांक) १०६ वर आहेत. त्याच्या पहिल्या भागासाठी दिलेला हाफ नोटला १३८ हा आकडा इतका जलद आहे की बहुतेक वादक तो पाळत नाहीत. आर्तुर श्नाबेलने तीसच्या दशकात बेथोव्हेनच्या सोनाटांचं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तो त्या आकड्याच्या मागे धावला आणि अनेक स्वर निसटले. त्यावरही आजतागायत दोन मतं आहेत. म्हणजे आकडा मिळाला तरी वाद संपत नाही.

पण आकडा नाही म्हणजे काहीच नाही, असंही नाही. शब्द आहेत. के. ३३१ च्या थीमवर 'आंदान्ते ग्राझिओसो' (चालत्या लयीत, डौलदार) आहे, पाचव्या व्हेरिएशनवर 'अडाजिओ', सहाव्यावर 'अलेग्रो'. आंदान्ते नेमकं किती हे सांगता येणार नाही; अडाजिओ त्याहून संथ आणि अलेग्रो त्याहून जलद, हे मात्र ठाम सांगता येतं. हा क्रम नोटेशनचा भाग आहे, एखाद्या स्वराइतकाच. गूल्डने थीम किती संथ घेतली यावर वाद घालता येईल. त्याने क्रम मोडला यावर वाद नाही, ती नोंद करण्याची गोष्ट आहे.

मुलाला हे मोजायला शिकवावं, आणि ते सोपं आहे. थीम सहा-आठच्या तालात आहे, एका बारमध्ये (तालाच्या एका खंडात) सहा एट्थ नोट. पहिले चार बार म्हणजे २४ एट्थ. फोनवरचं स्टॉपवॉच पहिला स्वर वाजताच सुरू करायचं आणि पाचव्या बारचा पहिला स्वर वाजताच थांबवायचं. जेवढे सेकंद आले त्यांनी १४४० ला भागायचं, मिनिटाला किती एट्थ ते निघतं. १२ सेकंद लागले तर १२०, १६ लागले तर ९०. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चौथ्या बारचा शेवटचा स्वर वाजताच घड्याळ थांबवणं. तेव्हा मध्ये २४ नव्हे, २३ एट्थ मोजली जातात आणि लय असते त्यापेक्षा जलद निघते. तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. हेच पाचव्या व्हेरिएशनला करावं आणि दोन आकडे शेजारी लिहावेत. पाच ध्वनिमुद्रणांचे असे आकडे वहीत उतरले की गूल्ड इतरांपासून नेमका कुठे वेगळा आहे ते दिसतं, आणि 'तो फार विचित्र वाजवतो' हे वाक्य आपोआप मागे पडतं.

दुसरी मोठी चूक अल्बमवर छापलेल्या एकूण वेळेवरून लय ठरवण्याची. के. ५४५, म्हणजे मोझार्टने १७८८ साली नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवलेला सी मेजर सोनाटा, आपल्याकडची बहुतेक मुलं कधी ना कधी वाजवतात. त्याचा पहिला भाग ७३ बारांचा आहे. पहिले २८ बार आणि उरलेले ४५ बार, दोन्हींना रिपीटची, म्हणजे तो तुकडा पुन्हा वाजवण्याची, खूण. क्वार्टर नोटला १३२ अशी लय धरली तर एकही रिपीट न घेता तो साधारण २ मिनिटं १३ सेकंदांत संपतो. फक्त पहिली रिपीट घेतली तर ३ मिनिटं ४ सेकंद, दोन्ही घेतल्या तर ४ मिनिटं २५ सेकंद. लय तीच, वेळ दुप्पट. ऑनलाइन यादीत 'याला दोन मिनिटं, त्याला चार' एवढंच पाहून कुणाला जलद आणि कुणाला संथ ठरवणाऱ्यांनी आधी रिपीट मोजाव्यात.

तिसरी चूक कानाची नाही, यंत्राची आहे. दोन ध्वनिमुद्रणांतलं एक जरासं मोठ्या आवाजात वाजलं की तेच जास्त जिवंत आणि स्वच्छ वाटतं. एका डेसिबलचा फरकही यासाठी पुरतो. तुलना करण्याआधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्यावा, जमल्यास फोनवरच्या मीटरने तपासावा. शिवाय फोनचा छोटा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली दुबळा पडतो. के. ५४५ च्या सुरुवातीला डाव्या हाताच्या साथीचा खालचा स्वर आहे मिडल सी, सुमारे २६२ हर्ट्झ. गूल्ड या साथीतले स्वर मुद्दाम पुढे आणतो, इतर बहुतेक जण ते मागे ठेवतात. फोनवर ऐकलं तर गूल्डचा डावा हात प्रमाणात वाटतो आणि मित्सुको उचिदासारख्या पियानोवादिकेचा डावा हात नाहीसाच होतो. हेडफोन लावले की मत बदलतं. एवढ्या ढोबळ कारणाने बदलणाऱ्या मतावर भांडण्यात अर्थ नाही. ध्वनिमुद्रणात गूल्डचं स्वतःचं गुणगुणणंही ऐकू येतं. काहींना ते सहन होत नाही, आणि त्यावर उपाय नाही.

आता स्वर जोडण्या-तोडण्याचा मुद्दा. गूल्डचे स्वर कोरडे आणि सुटे असतात ही तक्रार खरी आहे. त्याची बसण्याची पद्धतही त्याला पूरक होती. वडिलांनी करून दिलेली त्याची खुर्ची जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच होती. नेहमीचं बाक ५० च्या आसपास असतं. इतक्या खालून हाताचं वजन पट्टीवर पडत नाही, काम बोटांनाच करावं लागतं. त्यातून स्पष्टता मिळते, भरीव नाद मिळत नाही. पण 'मोझार्ट गुळगुळीत आणि जोडूनच वाजवायचा' हे मानणाऱ्यांनीही जरा थांबावं. मोझार्टचं वादन सुंदर पण तुटक होतं, त्यात लेगाटो (स्वर जोडून वाजवणं) नव्हता, असं बेथोव्हेनचं मत त्याचा शिष्य कार्ल चेर्नी याने नोंदवून ठेवलं आहे. मोझार्टकडे आंतोन वाल्टरने बनवलेला पियानो होता : पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, कातडं मढवलेल्या हलक्या हातोड्या. स्वर लगेच उमटतो आणि लवकर विरतो. आजच्या ८८ पट्ट्यांच्या, लोखंडी चौकटीच्या पियानोवर पट्टी जवळपास एक सेंटिमीटर खाली जाते आणि स्वर लांबतो. माल्कम बिल्सनने जुन्या धाटणीच्या पियानोवर वाजवलेले हेच सोनाटा ऐकले की गूल्डचा कोरडेपणा वाटतो तितका परका नाही हे कळतं.

(आपल्याकडच्या घरगुती कीबोर्डवरही ६१ पट्ट्याच असतात, पण त्या सी पासून सी पर्यंत. मोझार्टच्या पियानोच्या पट्ट्या एफ पासून एफ पर्यंत होत्या. त्यामुळे खालच्या एफ ते बी मधले मोझार्टचे स्वर कीबोर्डवर नसतातच आणि मुलं ते एक सप्तक वर उचलून वाजवतात. ग्रेड परीक्षेची तयारी पूर्ण ८८ पट्ट्यांच्या, वजनदार पट्टीच्या वाद्यावरच व्हायला हवी.)

तरीही इथे गूल्डला पूर्ण सूट मिळत नाही. थीमच्या पहिल्याच बारमध्ये मोझार्टने स्लर काढले आहेत. स्लर म्हणजे पहिल्या स्वराला वजन आणि पुढचे त्याला टेकलेले. वाद्य कुठलंही असो, हे वजनाचं नातं ऐकू आलं पाहिजे. गूल्ड ते तोडतो. का तोडतो, हे त्याने स्वतः एका मुलाखतीत सांगून ठेवलं आहे. सुरुवातीला थीमचे घटक विसाव्या शतकातला संगीतकार वेबर्न याच्या संगीतात असतात तसे सुटे करून दाखवायचे, तिची सलगता मोडायची, आणि पुढच्या एकेका व्हेरिएशनने ती परत सांधत न्यायची. हे वाचून पुन्हा ऐकलं तर योजना खरोखरच ऐकू येते. सहाव्या व्हेरिएशनपर्यंत पोचताना विस्कटलेली वीण घट्ट होत गेल्याचं जाणवतं. म्हणून के. ३३१ चा पहिला भाग मला मोलाचा वाटतो. हे मोझार्टच्या सूचनेचं उल्लंघन आहे, आणि त्या उल्लंघनातून काहीतरी उभं राहतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि मुलाने ती दोन्ही लिहायला शिकावं.

के. ३१० बद्दल मी असं म्हणणार नाही. ए मायनरमधला हा सोनाटा मोझार्टने १७७८ साली पॅरिसमध्ये लिहिला. त्याच उन्हाळ्यात तिथे त्याची आई वारली. आईच्या मृत्यूशी संगीताची गाठ मारण्याची गरज नाही, नोटेशन पुरेसं आहे. पहिल्या भागावर 'अलेग्रो माएस्तोसो' आहे. नुसतं अलेग्रो नव्हे, भारदस्त अलेग्रो. डाव्या हाताने सतत ठोकलेले ए मायनरचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), आणि त्यांच्यावर पहिल्याच क्षणी उजव्या हातात ई च्या आधी घासून जाणारा डी शार्प. हा विसंवादी स्वर कानावर यायला, टोचायला आणि सुटायला वेळ लागतो. मधल्या भागात मोझार्टने फोर्तिसिमो (खूप जोरात) आणि पियानिसिमो (अगदी हळू) यांची आळीपाळी लिहिली आहे, जी त्याच्या पियानो लेखनात विरळ दिसते. गूल्ड हा भाग इतका भरधाव घेतो की डी शार्पचा काटा बोथट होतो आणि जोर-हळूचा फरक वेगाखाली दबतो. बोटांची करामत थक्क करणारी आहे. पण के. ३३१ मध्ये उल्लंघनाच्या बदल्यात एक रचना मिळते, इथे फक्त वेग मिळतो. दिनू लिपातीने १९५० मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मृत्यूच्या काही महिने आधी याच सोनाटाचं ध्वनिमुद्रण केलं. त्याचीही लय रेंगाळणारी नाही, तरी प्रत्येक विसंवाद जागच्या जागी ऐकू येतो. ही दोन ध्वनिमुद्रणं पहिल्या बावीस बारांपुरती लागोपाठ ऐकवली की शिक्षकाला फारसं बोलावं लागत नाही.

नाशिकच्या श्रोत्याचा कान ख्यालावर पोसलेला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी इथे पंचवटीत आश्रम काढला, दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचा जन्म इथला, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला आजही लोक पहाटेच्या गारव्यात बसून गाणं ऐकतात. हा श्रोता गूल्डला चटकन माफ करतो. त्याचं म्हणणं असतं : बंदिश तीच, मांडणी ज्याची त्याची. अमीर खाँसाहेबांनी झुमऱ्याची लय किती खाली आणली, तेव्हाही कुरकुर झालीच होती. या औदार्यात एक गफलत आहे. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींचं बीज असतं आणि विस्तार गायकाचा असतो, तसं ठरलेलंच आहे. सोनाटात विस्तारही लिहिलेला असतो. तिथे वादकाला मोकळीक होती, पण तिची जागा ठरलेली होती : रिपीटमध्ये आणि परत आलेल्या सुरावटीत अलंकार करायचे. कार्ल फिलिप एमान्युएल बाखने १७६० मध्ये रिपीट बदलून लिहून दाखवलेले सहा सोनाटा छापले ते हेच शिकवण्यासाठी. मोझार्टच्या के. ३३२ च्या संथ भागात परत आलेली सुरावट हस्तलिखितात साधी आहे आणि १७८४ च्या छापील आवृत्तीत नक्षीदार. लय कशी मोकळी करायची, तेही मोझार्टने १७७७ च्या पत्रात वडिलांना कळवलं आहे : अडाजिओमध्ये उजवा हात मागेपुढे झाला तरी डावा हात ठरल्या लयीत चालला पाहिजे. तबलजी ठेका धरून आहे आणि गायक समेच्या आजूबाजूला खेळतो आहे, हे ज्याने ऐकलं आहे त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा ख्यालाशी तुलना करायचीच तर या जागी करावी. 'कलाकाराचं स्वातंत्र्य' एवढ्या मोघम शब्दावर ती थांबवू नये.

आणि ज्यांना 'नोटेशन म्हणजे दगडावरची रेघ' वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात के. ३३१ च्या मोझार्टच्या हस्तलिखिताची चार पानं सापडली. काही ठिकाणी त्यातले स्वर प्रचलित छापील प्रतींपेक्षा वेगळे निघाले. तोवरची जवळपास सगळी ध्वनिमुद्रणं, गूल्डची आणि त्याच्या टीकाकारांचीही, त्या जागी जुनेच स्वर वाजवतात. म्हणून कुठली प्रत वापरली हेही वहीत लिहावं. मोझार्टच्या साहित्याची संशोधित आवृत्ती साल्झबुर्गच्या संस्थेने इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. बोटांच्या खुणा आणि संपादकाचे स्लर भरलेल्या स्वस्त प्रतीवरून 'मोझार्टने असं लिहिलंय' असं ठरवू नये. त्या प्रतींतले पुष्कळ स्लर नंतरच्या संपादकांचे असतात.

वर्गात हे करायला फार काही लागत नाही. आठ-दहा मुलं, दोन चांगले स्पीकर, प्रत्येकाच्या हातात नोटेशनची प्रत, दीड तास. एका वेळी ३० ते ४० सेकंदांचाच तुकडा, वादकाचं नाव न सांगता, पहिला-दुसरा-दुसरा-पहिला या क्रमाने. हा क्रम अशासाठी की नुसतं पहिला-दुसरा वाजवलं तर शेवटी ऐकलेलं लक्षात राहतं आणि तेच आवडल्यासारखं वाटतं. प्रत्येक तुकड्यानंतर तीन रकाने भरायचे : नोटेशनमध्ये काय आहे, ऐकू काय आलं, मला कसं वाटलं. तिसरा रकाना आधी भरू द्यायचा नाही. एका बैठकीत चारच्या वर तुकडे नकोत, कान थकतो आणि मुलं सगळ्यांना 'छान' लिहू लागतात. खिडक्या बंद करूनही रस्त्याचे हॉर्न येत असतील तर पियानिसिमोची तुलना त्या दिवशी सोडून द्यावी. अशी बैठक वर्गाबाहेर, शहरातल्या एखाद्या वाचनालयात महिन्यातून एकदा झाली तर पालकही येतील, आणि गुणांच्या पलीकडे या संगीतात काय आहे ते त्यांनाही ऐकायला मिळेल.

परीक्षेत गूल्डसारखं वाजवावं का? नाही. परीक्षक मुलाने छापील सूचना वाचल्या आहेत का हे बघतो, आणि ते बरोबर आहे. अडाजिओ मोडायचा हक्क अडाजिओ वाजवून दाखवल्यावर येतो. पण परीक्षेत वाजवायचं नाही म्हणून ऐकायचंही नाही, हे तर्कट माझ्या गळी उतरत नाही. के. ३३१ चा शेवटचा भाग घ्या, सगळ्यांना ठाऊक असलेला तुर्की ढंगाचा रोंडो. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून आंतरशालेय स्पर्धेपर्यंत तो दरवर्षी आणखी जलद वाजतो, आणि जितका जलद तितक्या टाळ्या. गूल्डने तो ठाय, पावलं मोजत चाललेल्या पलटणीसारखा वाजवला आणि त्यावरही त्याला बोल लागले. त्या भागाच्या डोक्यावर मोझार्टने 'अलेग्रेत्तो' लिहिलं आहे, अलेग्रोहून एक पायरी खाली.